परत न गेलेला पुरस्कार

माझे साडू आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत, आणि त्यांचं खरं कधी कुणाला पटलं नाही. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी औरंगाबादेत त्यांचा विषय निघाला की लोक हात जोडून म्हणतात, "काय विनयशील माणूस होता!" मी गप्प बसतो. कारण ते विनयशील अजिबात नव्हते. ते फक्त अचूक होते. हा फरक समजावून सांगता सांगता त्यांचा जन्म गेला, तिथं माझी काय कथा? आमच्या सासऱ्यांना दोन मुली. थोरली साडूंना दिली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. धाकटी मला दिली. ते औरंगाबादच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे आणि मी पैठणला पाटबंधारे खात्यात होतो. ते मला साडूभाऊ म्हणायचे, मी त्यांना साडूभाऊ म्हणायचो, त्यामुळे आम्ही दोघं बोलत बसलो की शेजारच्या खोलीतल्या माणसाला कोण कुणाला काय सांगतंय याचा पत्ता लागत नसे. अर्थात सांगायचे तेच. मी फक्त "बरं" म्हणायचो.

त्यांच्या बोलण्याची सुरुवात 'समजा' या शब्दानं व्हायची. "समजा, मी आंघोळीला गेलो," असं म्हणून ते खुर्चीत बसून राहायचे, आणि आत अक्कानं काढलेलं पाणी थंड होऊन जायचं. अक्का दारात येऊन म्हणायची, "समजून झालं असेल तर जा आता." दुसरी खोड म्हणजे, एखादी गोष्ट खरी आहे असं त्यांच्याकडून वदवून घेणं महाकठीण. एकदा आमच्या नात्यातल्या एका मुलीसाठी त्यांच्या कॉलेजातल्या कारकुनाचं स्थळ आलं. मुलीचा बाप मुद्दाम बसनं येऊन त्यांना भेटला. "मुलगा कसा आहे हो, सर?" साडूंनी बराच वेळ विचार केला आणि सांगितलं, "वाईट असल्याचा पुरावा माझ्याकडं नाही." तो बाप तसाच उठला आणि मिळेल त्या बसनं घरी गेला. लग्न मोडलं. पुढं तो कारकून समोरून आला की साडू सायकलवरून उतरून त्याला मनापासून सांगायचे, "मी तुमच्याबद्दल चांगलंच बोललो होतो." यातही खोटं काही नव्हतं.

त्यांचा जन्म पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षातला. वडील निजामाच्या शाळेत हिशेब शिकवायचे, तेही उर्दूतून. राज्य बदललं तसं वडिलांना ऐन नोकरीत मराठीतून बेरीज-वजाबाकी नव्यानं शिकावी लागली. घरात मात्र बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकाराला शेवटपर्यंत जमा, तफरीक, जरब, तकसीम हेच चालायचं. त्यामुळे साडू विचारात बुडाले की त्यांच्या तोंडून उर्दू शब्द बाहेर पडत, आणि औरंगपुऱ्याच्या ऐन गर्दीत, मागून रिक्षावाला घंटी वाजवून दमलेला असताना, हे मधोमध उभे राहून "जरब... जरब..." असं पुटपुटत असत. रिक्षावाल्याला जरब म्हणजे मार एवढंच ठाऊक. तो घाबरून विचारायचा, "कहाँ लगा, साब?" सायकल तर ते इतक्या वेळा बाजारात विसरून यायचे की तिथला एक फळवाला संध्याकाळी गाडा आवरताना ती स्वतःच घरी आणून सोडायचा आणि अक्काला सांगायचा, "भाभी, आज सिर्फ सायकल भूले. थैली लेके गये."

अशा माणसाला एके दिवशी दिल्लीहून तार आली. चाळिशीच्या आतल्या गणितज्ञांना देशपातळीवर एक पुरस्कार दिला जातो, तो त्या वर्षी आमच्या साडूंना मिळाला होता. त्यांनी काय सिद्ध केलं होतं ते मी त्यांना पुष्कळदा विचारलं. दर वेळी त्यांनी ते जीव तोडून सांगितलं, आणि दर वेळी खुर्चीतून उठेपर्यंत मला ते समजलेलं असायचं. उठलं की जायचं. एवढं मात्र कळलं की मोठमोठ्या लोकांना जे जमलं नव्हतं ते यांनी जुन्या कॉलेजातल्या गळक्या खोलीत बसून करून दाखवलं होतं. अक्का त्या दिवशी आनंदानं रडली. लग्न झाल्यापासून ती या माणसाच्या विचारांना चहा पुरवत आली होती. ते विचार खरोखरच काहीतरी होते, हे कुणीतरी शिक्का मारून सांगितल्यावर तिला आपल्या इतक्या वर्षांचा अर्थ लागल्यासारखं झालं. तिनं पुरस्काराचं मानपत्र औरंगपुऱ्यातल्या फ्रेमवाल्या चाचांकडून सोनेरी चौकटीत बसवून घेतलं आणि दारातून आत येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत भरेल असं टांगलं. गावातल्यांना मात्र या माणसाचं काय करावं ते कळेना. कुणी आपल्या मुलाचा नववीचा पेपर घेऊन आलं, कुणी घराच्या प्लॉटचं क्षेत्रफळ काढून मागितलं. साडू सगळ्यांना चहा द्यायचे आणि हमखास चुकीचं उत्तर द्यायचे, कारण आकडेमोड त्यांना कधीच यायची नाही.

माझी मात्र पंचाईत झाली. आमच्या सासूबाई देवगाव रंगारीला असायच्या. घरची शेती, थोडी मेंढरं. बाईचा सगळा कारभार रोखठोक. मी गेलो की त्या मला चहा देता देता म्हणायच्या, "थोरल्या जावयाला सरकारनं दिल्लीला बोलवलं. तुमाला कुटं बोलवलं का?" मी सांगायचो, "मला औरंगाबादच्या ऑफिसात बोलावतात कधी कधी." "कशाला?" "झापायला." त्या मान हलवून म्हणायच्या, "व्हय, तेबी लागतंच की कुनीतरी."

पुढं दोनेक वर्षांनी ते घडलं. पुण्याला त्यांचं एक व्याख्यान ठरलं होतं. त्याची तयारी ते स्वयंपाकघरात बसून करत होते, कारण तिथं ऊब असे. समोर अक्का मेथी निवडत होती. अक्कानंच मला सांगितलं, "माझ्याकडं बघत बघत एकदम म्हणाले, 'थांब.' मला वाटलं भाजीत अळी दिसली. मी जुडी झटकली. तर हे म्हणतात, 'तुला नाही, मला म्हणालो.' आणि उठून बाहेर गेले ते जेवायला आलेच नाहीत."

पुढच्या रविवारी ते न सांगता पैठणला माझ्या क्वार्टरवर आले. ते नेहमी न सांगताच यायचे. चेहरा असा, की मला वाटलं घरात कुणी गेलं. मी खुर्ची दिली, ते उभेच राहिले.

"साडूभाऊ, समजा, एका गावाला जायच्या सगळ्या वाटा मी तपासल्या आणि लोकांना सांगितलं की कुठल्याच वाटेवर नदी लागत नाही. लोकांनी हार घातले. आता कळतंय की एक वाट मी बघितलीच नव्हती."

"मग त्या वाटेवर नदी आहे?"

"तेच तर माहीत नाही. असेल, नसेल."

"मग नाही असं धरून चला की. कोण जातंय बघायला?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी पाटबंधारे खात्यात का आहे आणि ते का नाहीत हे मला त्या क्षणी नीट कळलं. "मी सिद्ध केलेलं नाही, साडूभाऊ," ते म्हणाले. "मला जे दिलं ते न केलेल्या कामाचं दिलं."

त्यांनी आपली चूक स्वतःच्या हातानं लिहून, ज्या नियतकालिकात लेख आला होता तिथं छापायला पाठवली. छापूनही आली. मग त्यांनी दिल्लीला कळवलं की पुरस्कार परत घ्यावा. तिकडून उत्तर आलं की आपल्या प्रामाणिकपणाचा आदर वाटतो, परंतु पुरस्कार परत घेण्याची तरतूद नाही. त्यांनी पुन्हा लिहिलं की तरतूद करावी. या वेळी उत्तर आलं नाही. तेव्हा ते माझ्याकडं आले. "तुम्ही सरकारी खात्यातले. सरकारकडं एखादी वस्तू परत पाठवायची पद्धत तुम्हाला माहीत असेल." मी सांगितलं, "आमच्याकडून गेलेलं काही परत आल्याचं मी अजून पाहिलेलं नाही."

याच सुमारास देवगाव रंगारीच्या लोकांनी जावयाचा सत्कार करायचं ठरवलं. बातमी जुनी झाली होती, पण गाव जमवाजमव करून सवडीनं ठरवतं. साडू एरवी सत्काराच्या नावानं लांब पळायचे, पण या वेळी चटकन हो म्हणाले. मला त्याच वेळी संशय यायला हवा होता. मारुतीच्या पारासमोर मांडव घातलेला. सासूबाई नवं लुगडं नेसून पुढं बसलेल्या, शेजारी अक्का. फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. मग साडू माईकसमोर उभे राहिले आणि फेटा सावरत स्पष्ट आवाजात म्हणाले, "मला ज्या कामासाठी पुरस्कार मिळाला, ते काम चुकलेलं आहे. मी ते पूर्ण केलेलं नाही. चूक माझी आहे. हा सत्कार मला घेता येणार नाही."

अक्कानं मान खाली घातली. आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की पारावरचे कावळे उडाले. सरपंचांनी पुढं होऊन माईक हातात घेतला. "बघा मंडळी! एवढा मोठा मानूस, दिल्लीला जाऊन आलेला, पन म्हनतो काय? मी कायबी केलं नाय! ह्याला म्हनत्यात संस्कार! आपल्या पोरांनी हे शिकलं पायजे." साडू ओरडून सांगत होते, "अहो, तसं नाही, खरंच चुकलंय!" तसतशा टाळ्या वाढत होत्या. शेवटी बँडवाल्यांना इशारा झाला आणि त्यांचं खरं बँडच्या आवाजात बुडालं. त्यांनी परत केलेली शाल कुणीतरी पुन्हा त्यांच्या अंगावर टाकली. रात्री जेवताना सासूबाई मला म्हणाल्या, "बघा, थोरले कसे बोलले. तुमी कदी आसं म्हनला का, मी कायबी केलं नाय म्हनून?"

"मामी, मी खरंच काही केलेलं नाही."

"ते दिसतंच की," सासूबाई म्हणाल्या आणि मला आणखी एक भाकरी वाढली.

मला हसू येत होतं. पण हात धुवायला बाहेर गेलो तर साडू मेंढरांच्या वाड्याशेजारी अंधारात फेटा हातात घेऊन उभे होते. "साडूभाऊ," ते म्हणाले, "आता मी कोणत्या भाषेत सांगू?" मला हसू गिळावं लागलं.

औरंगाबादला परत आल्यावर त्यांनी भिंतीवरची चौकट काढली आणि थेट फ्रेमवाल्या चाचांकडं नेली. आतला कागद काढून टाकायला सांगितला. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "सर, घर में कुछ झगड़ा हुआ क्या? मेरे पास शादी के फोटो निकालने वाले आते. इनाम निकालने वाला आजतक कोई नै आया." साडूंनी चाचांनाही सगळं समजावून सांगितलं. चाचांनी पूर्ण ऐकून घेतलं. बहुधा माझ्यासारखंच त्यांनाही खुर्चीत असेपर्यंत कळलं असावं. ते एवढंच म्हणाले, "आप छोड़ के जाओ सर. मैं निकालतूँ." काढलं मात्र नाही. त्यांनी ती चौकट आपल्या दुकानात, मक्केच्या आणि शिर्डीच्या तसबिरींच्या मधोमध, कारागिरीचा नमुना म्हणून टांगली. साडूंनी त्या गल्लीनं जाणं सोडून दिलं. अक्का मात्र भाजी आणायला गेली की मुद्दाम तिकडून यायची. चाचा तिला स्टूल द्यायचे. ती थोडा वेळ बसायची, चौकटीकडं बघायची आणि उठायची.

एकदा त्या निवड समितीतले एक वयस्क प्राध्यापक वेरूळची लेणी बघायला आले. साडूंना बातमी लागली आणि ते मला सोबत घेऊन वेरूळला धावले. कैलास लेण्याच्या सावलीत म्हातारबुवा पायरीवर बसून पेरू खात होते. साडूंनी आपलं म्हणणं मांडलं. ते इंग्रजीत चाललेलं बोलणं मला बरंचसं समजलं. प्राध्यापक म्हणाले, "तुमची चूक मी वाचली. फार चांगली चूक आहे. दहा जणांना सुचणार नाही." मग पेरूची फोड साडूंपुढं करत म्हणाले, "आणि तरुणांना आम्ही पुरस्कार देतो तो झालेल्या कामाचा थोडा आणि पुढच्या कामाचा जास्त. आम्हाला तुमच्याकडून आशा होती म्हणून दिला. घरी जा आणि पुढचं काम करा." प्राध्यापकांनी हे अत्यंत प्रेमानं सांगितलं, आणि त्यांच्या प्रेमानंच साडूंचा घात झाला. परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी काळवंडून बसले होते. "म्हणजे जे मी केलेलं नाही आणि जे अजून करायचंय, या दोन्हींचं मिळून दिलं त्यांनी," ते म्हणाले. "आता यातून सुटायचं कसं?"

त्या दिवसापासून ती न पाहिलेली वाट हेच त्यांचं आयुष्य झालं. दुसरं काही करणं म्हणजे त्यांना पळून जाणं वाटे. पुढं विद्यापीठात मोठी जागा रिकामी झाली, वरच्यांनी बोलावून विचारलं, सोबत राहायला बंगला होता. साडूंनी विचारलं, "हे तुम्ही तो पुरस्कार बघून देताय का?" समोरच्या भल्या माणसानं कौतुकानं "अर्थातच" म्हटलं आणि साडूंनी नमस्कार करून नकार दिला. त्या दिवशी मी त्यांच्या घरी होतो. अक्का ओरडली नाही. ओट्याशी उभी राहून ती म्हणाली, "त्यांचं त्यांना परत द्यायला तुम्ही दिल्लीपर्यंत पत्रं धाडलीत. माझी वर्षं मी कुणाकडं परत मागू?" एरवी ज्याला प्रत्येक वाक्यातली फट दिसायची, त्या माणसाला या वाक्यात एकही सापडली नाही.

वर्षं गेली. वर्गात शिकवता शिकवता ते मध्येच थांबायचे आणि पुस्तकातल्या शंभर वर्षं जुन्या सिद्धांताकडं बघत म्हणायचे, "हे मला अजून पटलेलं नाही. उद्या बघू." पोर्शन कधी पुरा झाला नाही. मुलं त्यांच्यावर जीव टाकायची आणि शिकवणी दुसरीकडं लावायची. मग अक्काचं दुखणं निघालं. निदान झालं तेव्हा उशीर झाला होता. दवाखान्यात ते तिच्या खाटेशेजारी स्टुलावर बसायचे, मांडीवर पाठकोरे कागद. नर्सला वाटायचं औषधांचा हिशेब ठेवतायत. मी आणि माझी बायको भेटायला गेलो होतो, त्या दुपारी अक्कानं डोळे उघडले आणि विचारलं, "सापडलं का?"

"नाही," साडू म्हणाले.

"बघा," अक्का म्हणाली. "जरा लवकर बघा."

माझी बायको पदर तोंडाला लावून बाहेर गेली. हो म्हणून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि राग आला. आज वाटतं, त्यांनी हो म्हटलं असतं तर अक्कालाच ते खरं वाटलं नसतं. ती गेली तेव्हा ते कागद तिच्या उशाशीच होते.

अक्का गेल्यावर वर्षभरानं दक्षिणेकडच्या एका तरुण बाईंनी ते सिद्ध केलं. साडूंनी छापलेली ती चूक वाचून त्या या प्रश्नाकडं वळल्या होत्या, असं त्यांनी लेखातच लिहिलं होतं. साडू तो लेख एक अख्खा पावसाळा वाचत होते. मग पैठणला आले. मी तेव्हा निवृत्त होऊन तिथंच राहिलो होतो.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "त्या वाटेवर नदी नाही."

"म्हणजे तुमचं म्हणणं पहिल्यापासून खरंच होतं?"

"खरं होतं. मला ते माहीत नव्हतं, एवढंच."

"मग आता तरी पुरस्कार तुमचा झाला की हो!"

त्यांनी विचार केला. "त्या वेळी नव्हता," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "हिला सांगायला पाहिजे होतं." त्याच वर्षी तो पुरस्कार त्या बाईंना मिळाला. साडूंनी गल्लीत पेढे वाटले. लोकांनी पेढा घेतला आणि साडूंचंच अभिनंदन केलं. त्यांनी या वेळी कुणाला काही समजावलं नाही. मला ते बरं लक्षण वाटलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही धरणाच्या बाजूला बसलो होतो. जायकवाडीचं पाणी फार खाली गेलं होतं. बुडालेल्या एका गावातल्या देवळाचा कळस वर आला होता आणि त्यावर एक बगळा बसला होता. साडू बराच वेळ बोलले नव्हते. हे मला नवं नव्हतं. त्यांच्या अशा गप्प बसण्याशेजारी मी निम्मं आयुष्य काढलं होतं.

"काय चाललंय डोक्यात, साडूभाऊ?" मी सवयीनं विचारलं.

"काही नाही हो," ते म्हणाले. "पाणी बघतोय."

मी दचकून त्यांच्याकडं पाहिलं. खरंच काही नव्हतं. चेहऱ्यावरच्या आठ्या गेल्या होत्या. ते शांत दिसत होते, आणि एखाद्या घरातली माणसं कायमची दुसरीकडं राहायला गेल्यावर ते घर जसं दिसतं, तसे दिसत होते. "सकाळी जाग येते," ते हळूच म्हणाले, "आणि मग काय करायचं ते आठवत नाही. काही करायचंच नसतं, म्हणून आठवत नाही."

संध्याकाळी मी त्यांना स्टँडवर घेऊन गेलो, गाडीत बसवलं. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "पुढच्या रविवारी येऊ का?"

"या की," मी म्हणालो. "जेवायलाच या. लवकर या."

ते आले. त्यानंतरच्या बऱ्याच रविवारी आले. आम्ही दोघं साडू एकमेकांशी न बोलता धरणाकडं तोंड करून बसायचो. त्यांचं गणित मला कधी कळलं नाही, पण ते बसणं मला कळत होतं.